'ट्रॅक ०७' म्हणजे नक्की कोण?

हॉस्टेलमधली कुठलीही हार्डडिस्क उघडा, आठ-दहा हजार गाणी सहज निघतील. पण 'जरा भीमसेनांचे अभंग लाव रे' म्हटलं की साहेब दहा मिनिटं शोधत बसतात! कारण फाईलचं नाव 'ट्रॅक ०७'.

यावरचा उपाय १९९६ सालीच निघाला: आयडी३ टॅग. एमपी३ फाईलच्या शेवटी १२८ बाइट जोडायचे आणि त्यात गाण्याचं नाव, गायक, अल्बम, साल लिहायचं. गाण्याच्या नावाला जागा फक्त ३० अक्षरांची. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत जागा वाढली, देवनागरीचीही सोय झाली.

आता तीन नियम. एक, नाव एकाच पद्धतीने लिहा. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन' आणि 'जोशी भीमसेन' ही प्लेअरच्या लेखी तीन वेगळी माणसं! दोन, मूळ यादीतल्या ८० प्रकारांत नाट्यगीत नाही, लावणी नाही. तेव्हा प्रकार स्वतःच भरा. तीन, कॉमेंटमध्ये प्रसंग टाका: पहाट, प्रवास, सबमिशनची रात्र. मग 'अभंग' आणि 'पहाट' अशा दोन अटी दिल्या की प्लेलिस्ट आपोआप तयार.

पिकार्डसारखं फुकट सॉफ्टवेअर प्रसिद्ध गाणी ओळखून टॅग भरून देतं. पण माझ्याकडचा 'ट्रॅक ०७' म्हणजे आजीच्या जात्यावरच्या ओव्या. त्या कुठलं सॉफ्टवेअर ओळखणार? असे टॅग आपणच भरायचे, आवाज ओळखणारं माणूस घरात आहे तोवर.