लाठी आणि पिस्तूल यांच्या मधलं अंतर

मयूर विहार दिल्ली पोलिसांच्या पूर्व जिल्ह्यात येतं. एका अंगाला सोसायट्यांच्या रांगा, दुसऱ्या अंगाला त्रिलोकपुरीच्या गल्ल्या, आणि चिल्ला बॉर्डर ओलांडली की उत्तर प्रदेशची हद्द. इथल्या बीट शिपायाला रोज पिस्तूल काढावं लागत नाही. त्याला दारुड्याला आवरायचं असतं, शेजाऱ्यांचं भांडण सोडवायचं असतं, मोबाइल हिसकावणाऱ्याची कॉलर धरायची असते. हे सगळं काम हातभर अंतरावरचं. त्या अंतरासाठी त्याची तयारी किती?

कागदावर पाहिलं, तर आहे. दिल्ली पोलिसांचे रंगरूट झरोदा कलां आणि वझीराबाद इथे शिकतात. पीटी, परेड, लाठी, हत्यारांचा सराव, आणि त्यांच्या जोडीला ‘यूएसी’, म्हणजे अनआर्म्ड कॉम्बॅट: नि:शस्त्र झुंज. पकड सोडवणं, चाकूचा हात अडवणं, समोरच्याला खाली पाडून जखडणं हे सारं उस्ताद मैदानावर करून घेतात. महाराष्ट्रातही शिपायाला मरोळ, खंडाळा, जालना अशा केंद्रांत नऊ महिन्यांच्या मूलभूत प्रशिक्षणात हा विषय असतो.

मनात आणलं तर खातं काय करू शकतं, हेही झरोदा कलांनेच दाखवलं. ईशान्येकडच्या राज्यांतून आलेल्या 36 महिला शिपायांना तिथे सुमारे पंधरा महिने घडवलं गेलं. त्यात क्राव मगा ही इस्रायली झुंजपद्धतही होती. 2018च्या ऑगस्टमध्ये या महिलांचं स्वॅट पथक दिल्लीत दाखल झालं. याच खात्याचं महिला आणि मुलांसाठीचं विशेष पथक 2002पासून शाळा-महाविद्यालयांतल्या मुलींना स्वसंरक्षणाचे वर्ग देत आलं आहे. म्हणजे शिकवणारे आहेत, अभ्यासक्रम आहे, अनुभवही आहे. अडतं ते पासिंग आउट परेडनंतर.

‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ यांच्या 2019च्या पोलीसविषयक अहवालानुसार त्याआधीच्या पाच वर्षांत सरासरी 6.4 टक्के पोलिसांनाच सेवेत असताना प्रशिक्षण मिळालं. त्याच अहवालात पोलिसाचा सरासरी कामाचा दिवस 14 तासांचा निघाला. चौदा तास बंदोबस्त, पंचनामे आणि कोर्टाच्या तारखा करणाऱ्या माणसाने डाव घोटायचे कधी? झुंजीचे डाव डोक्यात राहून उपयोग नसतो, ते अंगात मुरावे लागतात. सराव सुटला की दम कमी होतो, वजन वाढतं आणि पंचविशीत शिकलेली पकड पन्नाशीत आठवत नाही.

याची किंमत दिल्लीने पाहिली आहे. 4 जानेवारी 2023 रोजी पश्चिम दिल्लीतल्या मायापुरी ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक शंभू दयाल मोबाइल चोरीच्या संशयिताला पकडून ठाण्याकडे नेत होते. वाटेत त्याने लपवलेला चाकू काढून त्यांच्यावर वार केले. शंभू दयाल 57 वर्षांचे होते. रक्तबंबाळ होऊनही त्यांनी संशयिताला निसटू दिलं नाही. चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. मराठी वाचकाला इथे तुकाराम ओंबळे आठवतील. 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबची एके-47 हातांनी धरून ठेवली. त्या बंदुकीपुढे कुठलाही डाव पुरला नसता, म्हणून ते शौर्य वेगळंच. संशयिताच्या हातातला चाकू मात्र ठाण्याच्या कामात कधीही समोर येऊ शकतो. त्याच्यासाठी अंगझडती, उभं राहण्याचं अंतर आणि हातांवरची नजर शिकवता येते, घोटून घेता येते.

प्रश्न पोलिसाच्या जिवापुरता नाही. भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम 43 अटकेला विरोध झाल्यास आवश्यक ते उपाय वापरू देतं; कलम 46 सांगतं की पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त बंधन घालू नये. ही मर्यादा पाळायला कसब लागतं. ज्याला दोन हातांनी माणूस आवरता येत नाही, तो घाबरून लाठी जास्त चालवण्याची भीती असते. नीट पकडता येणारा पोलीस नागरिकालाही सुरक्षित ठेवतो. जपानमध्ये पोलिसांना ज्युदो किंवा केंदो शिकावं लागतं आणि अटकेच्या तंत्राचा वेगळा सराव असतो, त्याचं मर्म हेच.

आपल्याकडे तर तालमीची परंपरा घरचीच आहे. विजय चौधरी, राहुल आवारे यांच्यासारखे मल्ल महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक झाले. दिल्लीत छत्रसाल स्टेडियमचा आखाडा साऱ्या देशाला ठाऊक आहे. पदकांचा सत्कार योग्यच; पण त्या मातीतलं ज्ञान ठाण्यातल्या शिपायापर्यंत पोहोचायला हवं.

तेव्हा उत्तर स्पष्ट आहे: प्रशिक्षण मिळतं, पण पुरेसं नाही, कारण ते एकदाच मिळतं. मयूर विहारच्या ठाण्यापासून गडचिरोलीच्या चौकीपर्यंत प्रत्येक शिपायाला आठवड्यातून एक तास मॅटवर मिळाला पाहिजे, आणि तो तास सुट्टीतून न कापता ड्युटीत धरला पाहिजे.