बार्शीची साथ, कांजूरची पिंपं

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तिचा अभ्यास केला. त्या नोंदीनुसार गावातल्या ३७.५ टक्के लोकांना ताप आणि सांधेदुखीने गाठलं होतं. दर आठ माणसांमागे तीन. त्याआधी १९६३ मध्ये कोलकाता आणि १९६४-६५ मध्ये नागपूर व मद्रास या शहरांनी हाच ताप सोसला होता. बार्शीनंतर मात्र चिकुनगुन्या देशातून जणू उठूनच गेला. डॉक्टरांच्या एका पिढीने तो फक्त पाठ्यपुस्तकात वाचला.

२००५ च्या अखेरीला आंध्रातून पहिल्या बातम्या आल्या आणि २००६ च्या उन्हाळ्यापर्यंत मराठवाडा, नाशिक, मालेगाव इथे घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. त्या एका वर्षात देशात १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यातले अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते. लोक भिंतीला धरून चालत होते, तांब्या उचलता येत नव्हता, आणि महिनोन्‌महिने सकाळी उठून मूठ वळत नव्हती.

एवढी बत्तीस वर्षं मध्ये गेली, त्या काळात आपल्याला कोण राखत होतं? आणि ती राखण एकाएकी कुठे गेली? सामूहिक प्रतिकारशक्ती हा शब्द कोविडच्या काळात प्रत्येकाच्या तोंडी झाला. डासांनी पसरणाऱ्या आजारांत मात्र तिचा हिशेब वेगळा आहे, आणि तो समजून घ्यायला मुंबईतलं कांजूरमार्गसारखं उपनगर चांगलं उदाहरण ठरतं.

साथ का ओसरते

चिकुनगुन्याचा विषाणू एकदा अंगात येऊन गेला की शरीर त्याला विसरत नाही. त्याची घराणी वेगवेगळी आहेत. साठच्या दशकातलं आशियाई घराणं वेगळं आणि २००६ चं आफ्रिकी वेगळं. पण एका घराण्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्यालाही अडवतात. म्हणून २००६ मध्ये विषाणूने वेश बदलून फसवलं, असं म्हणता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या यवत इथे २००० साली पकडलेल्या डासांत हेच आफ्रिकी घराणं सापडलं होतं. साथ भडकण्याच्या पाच वर्षं आधी विषाणू आपल्या दारात होता.

दरम्यान बदलली होती ती माणसं. १९७३ नंतर जन्मलेल्या जवळपास कोणालाही हा आजार झालेला नव्हता. नव्वदच्या दशकात कोलकात्यात रक्ततपासणी झाली तेव्हा जेमतेम चार टक्के लोकांत चिकुनगुन्याची प्रतिपिंडं सापडली. ती प्रामुख्याने पन्नाशीच्या आसपासच्या लोकांत होती, मुलांत नव्हतीच. प्रतिकारशक्ती ज्याची त्याच्या रक्तात टिकून होती; समाजातला तिचा वाटा मात्र दर पाळण्यागणिक घटत गेला.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर याचीच दुसरी आवृत्ती दिसली. २००५-०६ मध्ये तिथे सुमारे २,६६,००० लोक आजारी पडले, आणि नंतरच्या रक्ततपासणीत ३८ टक्के रहिवाशांत प्रतिपिंडं आढळली. साथ थांबली. पुढची अनेक वर्षं बेट मोठ्या साथीपासून मोकळं राहिलं. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा रुग्ण सापडू लागले आणि २०२५ च्या मेच्या सुरुवातीपर्यंत त्यांची संख्या ४७,००० च्या वर गेली.

डास निम्मे, तर प्रतिकारशक्तीही निम्मी पुरते

बार्शीत आठातले तीन, रियुनियनमध्येही जवळपास तेवढेच. उरलेले साठ टक्क्यांहून अधिक लोक कोरे, म्हणजे लागण न झालेले असताना साथ थांबली कशी? याचं उत्तर रोनाल्ड रॉसच्या गणितात आहे. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात सापडतो हे त्याने १८९७ साली सिकंदराबादेत दाखवलं. ते सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे त्याने मांडलेला हिशेब तितकाच मोलाचा आहे: शेवटचा डास मारायची गरज नाही, माणसांमागे डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी रोग आपोआप मावळतो.

समजा, सगळी वस्ती कोरी आहे आणि एका रुग्णापासून डासांमार्फत सरासरी तिघांना लागण होते. वस्तीतले दोन तृतीयांश लोक आधीच संरक्षित असतील, तर तिघांपैकी दोघांना डास चावूनही काही होणार नाही. एका रुग्णामागे एकच नवा रुग्ण उरला की साथ वाढत नाही आणि त्याहून थोडं खाली गेलं की विझते. म्हणजे ६७ टक्क्यांचा उंबरठा. आता त्याच वस्तीतले डास निम्मे करा. एका रुग्णापासून तिघांऐवजी दीड जणालाच लागण होईल, आणि साथ रोखायला ३३ टक्के संरक्षित लोक पुरतील.

गोवरासारख्या आजारात, जिथे श्वासातून संसर्ग होतो, उंबरठा वर्षभर फारसा हलत नाही. चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासाच्या आजारांत तो पावसाबरोबर वरखाली होतो. ज्या वस्तीला जानेवारीत ३३ टक्के पुरतात, तिलाच भर पावसाळ्यात ६७ सुद्धा अपुरे पडू शकतात. म्हणून साथ ओसरली याचा अर्थ आपण सुरक्षित झालो असा होत नाही. बऱ्याचदा रक्तातल्या प्रतिपिंडांना कोरड्या हवेचा हातभार लागलेला असतो, आणि तो हात पुढच्या पावसात निघून जातो.

गल्लीगणिक वेगळं रक्त

कांजूरमार्ग महापालिकेच्या एस विभागात येतं. भांडुप, पवई, विक्रोळीचे भागही याच विभागात. मध्य रेल्वेचे रूळ मधोमध. पूर्वेला कांजूरगाव, द्रुतगती मार्ग, त्यापलीकडे मिठागरं, खारफुटी आणि डम्पिंग ग्राउंड. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, त्यावर मेट्रो ४ चं काम, कारखान्यांच्या जागी उठलेले टॉवर आणि पवईकडे चढत गेलेली वस्ती.

डासांचं नाव निघालं की इथला माणूस आधी खाडीकडे आणि डम्पिंगकडे बोट दाखवतो. तिथला वास आणि तिथले डास खरेच आहेत. पण गढूळ, घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स वेगळा आणि डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका पसरवणारा एडिस इजिप्ती वेगळा. पायांवर पांढरे पट्टे असलेली एडिसची मादी दिवसा चावते आणि घरातलं स्वच्छ साठलेलं पाणी पसंत करते: पिंप, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, छतावरच्या ताडपत्रीची खोलगट घडी, टाकून दिलेला टायर. बांधकामावर पाणी तुंबलेला लिफ्टचा खड्डाही तिला चालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

ही मादी फार लांब उडतही नाही. बहुतेकदा तिचा सारा संसार शे-दोनशे मीटरच्या आत आटोपतो. त्यामुळे साथ गावभर सारखी पसरत नाही. एक गल्ली भाजून निघते आणि शेजारची कोरी राहते. ब्राझीलमधल्या साल्व्हादोर शहरातल्या एका झोपडवस्तीत झिकाच्या साथीनंतर घरोघरच्या लोकांचं रक्त तपासलं गेलं. एकूण वस्तीत जवळपास तीन चतुर्थांश लोकांना लागण झालेली होती. पण त्याच वस्तीच्या काही कोपऱ्यांत पाचातल्या चारांना, तर काहींत जेमतेम तिघांतल्या एकाला. सरासरीच्या आधाराने तो कोरा कोपरा निर्धास्त झाला, तर पुढच्या खेपेला फटका त्यालाच.

कांजूरमध्ये या फरकावर माणसांच्या येण्या-जाण्याची भर पडते. पुनर्विकासात जुनी चाळ पांगते, टॉवरमध्ये नवी कुटुंबं येतात, बांधकामावर दर काही महिन्यांनी नवी तुकडी उतरते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय रक्ततपासणीत चिकुनगुन्याची प्रतिपिंडं देशात सरासरी १८.१ टक्के लोकांत आढळली, पण दक्षिणेत ४३.१ टक्के आणि ईशान्येत ०.३ टक्के. डेंग्यूतही पश्चिम भारतात ६२.३ टक्के, तर पूर्व भारतात १८.३. पूर्वेकडून आलेला गवंडी किंवा सुरक्षारक्षक असं कोरं रक्त घेऊन पत्र्याच्या खोलीत, उघड्या टाकीशेजारी राहतो. त्याला आजाराचा वाहक म्हणून हिणवणं सोपं आहे. खरं तर सगळ्यात आधी आजारी पडणारा तोच असतो आणि अनेकदा त्याची नोंदही होत नाही.

डेंग्यूची उलटी तऱ्हा

पश्चिम भारतात डेंग्यूची प्रतिपिंडं ६२ टक्के लोकांत, हे ऐकून उंबरठा जवळ आला असं वाटेल. इथेच फसगत होते. डेंग्यूचे विषाणू चार. एकाची लागण झाली की त्या एकापासून जन्मभर संरक्षण, बाकी तिघांपासून काही महिन्यांपुरतंच. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर पहिल्या वेळची अर्धवट जुळणारी प्रतिपिंडं विषाणूला अडवण्याऐवजी पेशींत शिरायला मदत करू शकतात. स्कॉट हॉलस्टेड यांनी थायलंडमधल्या मुलांच्या अभ्यासातून हे दशकांपूर्वी मांडलं. म्हणूनच दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक धोक्याचा.

फिलिपिन्सला याची मोठी किंमत मोजावी लागली. तिथे २०१६ मध्ये शाळकरी मुलांना डेंग्यूची लस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आधी कधीच डेंग्यू न झालेल्यांमध्ये ही लस पुढच्या आजाराची तीव्रता वाढवू शकते, असं उत्पादक कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं आणि कार्यक्रम थांबला. लशीवरचा विश्वास उडाला तो वेगळाच. भारतात आता चारही प्रकारांवरच्या देशी लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२४ पासून चालू आहे. ही लस अशा कसोटीला उतरणं महत्त्वाचं आहे.

आणखी एक गुंता. चिकुनगुन्या झालेला माणूस सहसा ओळखू येतो, कारण त्याचे सांधेच बोलतात. डेंग्यूची लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना मात्र कळतही नाही. दोन दिवस कणकण, एक गोळी, आणि विषय संपला. ‘मला कधी डेंग्यू झालेला नाही’ असं म्हणणाऱ्या मुंबईकराची पुढची खेप प्रत्यक्षात दुसरी असू शकते.

झिका डेंग्यूच्याच कुळातला. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं आणि दोनच वर्षांत स्मिथबर्न, कर आणि गतने यांनी भारतीयांच्या रक्ताचे १९६ नमुने तपासून ३३ मध्ये झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पण या कुळातल्या विषाणूंची प्रतिपिंडं एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळे तो झिकाच होता का, हा वाद पुढेही राहिला. महाराष्ट्रात पहिला रुग्ण नोंदला गेला तो २०२१ च्या जुलैमध्ये, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला. २०२४ मध्ये पुणे शहरात अनेक रुग्ण सापडले, त्यांत गर्भवतीही होत्या. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला इजा करणाऱ्या आजारात ‘साथ येऊन जाऊ दे, प्रतिकारशक्ती येईल’ हा विचारच करता येत नाही.

आपल्या हातातलं

चिकुनगुन्यावर लस आली, पण अमेरिकेने २०२३ मध्ये मान्य केलेल्या पहिल्या लशीचा परवाना गंभीर दुष्परिणामांच्या तक्रारींमुळे २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्थगित झाला. लशीवाचून प्रतिकारशक्ती वाढवायची तर आजार अंगावर काढावा लागतो, आणि त्याची किंमत वर्षभर दुखणाऱ्या बोटांनी चुकवावी लागते. उंबरठा खाली आणणं मात्र स्वस्त आहे.

त्यासाठी धुरापेक्षा पाणी महत्त्वाचं. धुराने उडते डास मरतात; बशीतल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्यात नवी पिढी बाहेर पडते. पाणी रोज येत नाही तिथे पिंप ठेवणं सुटत नाही, हे मान्य. पण घट्ट झाकण, त्यावर फडकं आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस जमतो. नुसतं उपडं करून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी होऊन महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून आतून काथ्याने घासायला हवं. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कामगार दार वाजवतात तेव्हा गच्चीची किल्ली सापडत नाही, ही सबब सोसायट्यांनी सोडावी. आणि तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावं, कारण याच दिवसांत त्याला चावलेला डास पुढच्या घरी आजार नेतो. ही गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही.

महापालिकेने करण्यासारखंही एक काम आहे: रुग्ण मोजण्याबरोबर दर काही वर्षांनी विभागवार, वयोगटवार रक्ततपासणी. कुठली पिढी कोरी आहे आणि कुठली गल्ली, हे पावसाआधी कळलं तर माणसं आणि औषध तिकडे वळवता येईल.

दिवाळीच्या साफसफाईत आपण माळे झाडतो, डबे घासतो, भिंतींना रंग देतो. या वर्षी यादीत पिंपाची आतली बाजू घालावी. पुढच्या जूनमध्ये उबणारी अंडी आज तिथेच चिकटलेली आहेत, आणि २००६ नंतर जन्मलेल्या ज्या मुलांनी मोठी साथ पाहिलेली नाही, त्यांच्या वाट्याला सध्या तरी एवढंच संरक्षण आहे.