अठ्ठेचाळीस हिवाळ्यांचे वृक्ष

दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केल्यापासून यंदाचे मुखपृष्ठ कसे असेल, या उत्सुकतेने दिवाळीची वाट पाहणाऱ्या पिढीच्या मराठी वाचकाला, सान फ्रान्सिस्को शहरातील एका बिअरच्या बाटलीवर दरसाल उगवणाऱ्या वृक्षाची हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही.

१८९६ सालापासून चालत आलेला 'अँकर' हा तेथील बिअरचा कारखाना डबघाईला आला असता फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये तो आपल्या हाती घेतला, आणि दहा वर्षांनी, १९७५ च्या नाताळासाठी, तेथून एक खास एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, बाहेर पडली. नोव्हेंबरात बाजारात यावे आणि जानेवारीत नाहीसे व्हावे, असा या पेयाचा शिरस्ता. त्याची कृती दरवर्षी बदलत असे व ती गुप्त राखली जाई. आणि चव बदलली की लेबलावरील झाडही बदले. हिवाळ्यातील अयनदिनी सृष्टी पुन्हा जन्म घेते व वृक्ष हे त्या पुनर्जन्माचे प्राचीन प्रतीक आहे, ही त्यामागील कल्पना होती. ही झाडे चार दशकांहून अधिक काळ जिम स्टिट या चित्रकाराने हाताने रेखाटली.

लेबल जवळून पाहिले, तर चित्रकाराचा संयम ध्यानात येतो. नाताळच्या व नववर्षाच्या शुभेच्छा, सालाचा आकडा आणि मध्यभागी एकच वृक्ष, ही मांडणी जवळजवळ स्थिर. बदले तो केवळ वृक्ष. बाटली गोल असल्यामुळे समोरून लेबलाचा मधला पट्टाच नीट दिसतो, आणि सरळ उभे झाड त्या पट्ट्यात जसे सामावते तसे आडवे पसरलेले निसर्गदृश्य सामावले नसते. २०१४ च्या चाळिसाव्या आवृत्तीसाठी आलेला, ऐंशी मीटरांहून उंच वाढू शकणारा जायंट सिक्वोया तळहाताएवढ्या कागदात उभा राहिला. तर २०१७ साली आला तो कॅलिफोर्नियातल्या सांता लुसिया डोंगरांतच निसर्गतः वाढणारा, मंदिराच्या शिखरासारखा निमुळता होत जाणारा फर.

या कलेवर सरकारचाही अंमल होताच. अमेरिकेत मद्याच्या लेबलाला संघीय खात्याची मंजुरी घ्यावी लागते, आणि १९८९ च्या अखेरीपासून आरोग्यविषयक इशाऱ्याचा मजकूर प्रत्येक बाटलीवर सक्तीचा झाला. त्यामुळे पुनर्जन्माच्या प्रतीकालाही या फर्मानाच्या सोबतीनेच बाजारात जावे लागे.

१९८७ मध्ये मेटॅग यांच्या विवाहाप्रीत्यर्थ गाळलेल्या एलमध्ये मसाले पडले, आणि तेव्हापासून नाताळच्या एलमध्येही ते पडू लागले. मात्र कोणते मसाले, ते कारखान्याने कधी सांगितले नाही. कृतीचा दस्तऐवज असा बंद राहिल्यामुळे, बाटल्या वर्षानुवर्षे जपून ठेवून जुन्या-नव्या चवी ताडून पाहणाऱ्या शौकिनांना त्या त्या सालाची उघडी खूण म्हणून हाती उरला तो वृक्षच, आणि एका किरकोळ व्यापारी कागदाला पंचांगाची योग्यता आली ती यामुळे.

पुढील इतिहास मालकीच्या फेरफारांचा आहे. २०१० मध्ये मेटॅग यांनी कारखाना विकला. २०१७ मध्ये तो जपानच्या सप्पोरो कंपनीकडे गेला. २०२१ मध्ये त्याच्या नेहमीच्या बिअरच्या लेबलांना दिलेले नवे, भडक रूप जुन्या चाहत्यांना रुचले नाही. जून २०२३ मध्ये यंदा नाताळची एल निघणार नाही असे जाहीर झाले, आणि जुलैत कारखानाच बंद करीत असल्याची घोषणा झाली. कारखाना बंद होण्यापूर्वी नाताळात बाजारात आलेला शेवटचा वृक्ष अशा रीतीने २०२२ चा अठ्ठेचाळिसावा ठरला. ज्याच्या फडताळात त्या सालची एखादी न उघडलेली बाटली उरली असेल, त्याला ती प्यावी की ठेवावी असा प्रश्न पडला असेल, तर तो आतल्या एलमुळे खासच नव्हे. ती अखेर शिळी व्हायचीच होती.