सोनं निघालं, जमीन उलटली

न्यूझीलंड ब्रिटिश वसाहत असताना, 1861 मध्ये, ओटागोत गॅब्रिएल रीडला सोनं सापडलं. पाटी-फावड्यानं मिळणारं सोनं लवकरच आटलं. उरलं ते नदीच्या वाळूत. 1889 मध्ये चिनी व्यापारी चोई स्यू हॉय यांच्या ड्रेजरनं शॉटओव्हर नदीवर ते काढून दाखवलं, आणि ड्रेजरांची लाटच आली.

ड्रेजर म्हणजे काय? तरंगतं यंत्र. बादल्यांची साखळी तळ खरवडते, फिरती चाळणी गोटे वेगळे करते, जड सोनं चटईत अडकतं, गोटे मागे पडतात. काठच्या सपाट जमिनीतही ते स्वतःचं डबकं खणत पुढे सरकायचं. म्हणजे बघा, माती खाली, दगड वर! सोनं एकदाच मिळालं; अर्न्सक्लफला दगडांच्या राशी मात्र आजही आहेत.