आरा मशीनचे पाते तुटते? आधी चाके तपासा

खरीप तोंडावर आला की आरा मशीनवर गर्दी होते. धुऱ्यावरची बाभूळ बंडीत घालून शेतकरी येतो आणि वखर, तिफण, डवऱ्यासाठी लाकूड कापून नेतो. नेमके तेव्हाच पाते तुटते, मशीन बंद पडते आणि पेरणीची अवजारे अडून राहतात. सगळे पात्याला नावे ठेवतात. पण पाते वारंवार तुटत असेल तर दोष बहुधा चाकात असतो.

या मशीनमध्ये खालचे चाक मोटरवर फिरते आणि वरचे चाक पात्याला ताण देते. ३६ इंची चाक मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर पाते ताशी शंभर किलोमीटरच्या वर धावते. ते चाकावरून उतरले, तर मिस्त्रीच्या जिवाशीच गाठ. म्हणून चाकाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढून खिशात ठेवावा आणि मगच पाते उतरवावे.

पहिले काम सफाईचे. भुसा आणि लाकडाचा चीक चाकाच्या कडेवर बसून टणक थर होतो. त्यामुळे पाते उचलले जाते, सरकते आणि त्याला चिरा पडतात. राकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून लाकडी पट्टीने थर खरवडावा. सुताराच्या लहान मशीनच्या चाकावर रबर असते. ते कडक झाले किंवा तडकले असेल तर बदलून टाकावे.

दुसरे काम बेअरिंगचे. वरचे चाक दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे हलवावे, मग हाताने फिरवावे. खेळ वाटला किंवा खरखर आली तर बेअरिंग गेली समजा. नुसते ग्रीस कोंबून भागत नाही.

तिसरे, चाक गोल आहे का? खडू टेकवून स्थिर धरावा आणि चाक हळू फिरवावे. उंचवट्यावरच खूण उमटली, तर कड लेथवर घ्यावी लागेल. फिरत्या चाकावर कानस दाबून धरण्याची युक्ती मात्र कोणी करू नये. त्यात बोटे जातात आणि चाकही वेडेवाकडे घासते. वरचे चाक दर वेळी एकाच जागी खाली येऊन थांबत असेल, तर ती बाजू जड आहे. तोल वर्कशॉपमध्येच काढून घ्यावा.

चौथे, लाकडी हातोडीने चाक हलकेच ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर बिडाला तडा असण्याची शंका घ्यावी. तडा गेलेले चाक गावठी वेल्डिंग करून चालवू नये, बदलावे.

पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या साधारण हजारावा भाग असावी. ३६ इंची चाकाला ०.९ मि.मी. पाते पुरते. जाड पाते जास्त टिकेल म्हणून घेतले, तर ते चाकावर वाकून वाकून लवकर तुटते. रात्री काम संपल्यावर पात्याचा ताण ढिला करावा.

जुने मशीन सांभाळण्याला आणखी एक कारण आहे. ३० ऑक्टोबर २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्या आरागिरण्यांना केंद्रीय समितीची पूर्वपरवानगी लागू झाली. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी हे काम राज्यस्तरीय समितीकडे आले. तरी नवा परवाना सहजासहजी मिळत नाही. सागवानाच्या आपल्या जिल्ह्यात हे सांगायला नको. परवाना असलेले जुने मशीन भंगारात गेले, तर नुकसान एकट्या मालकाचे नाही, आसपासच्या गावांचेही आहे.

शेतकरी बंधूंनीही आपली बाजू सांभाळावी. धुऱ्यावरच्या झाडात कुंपणाची तार आणि खिळे सालीखाली गडप झालेले असतात. दात त्यावर आदळले की पाते जाते आणि चाकालाही हिसका बसतो. ओंडका नेण्याआधी साल तासून पाहा, तार-खिळा काढा, निघत नसेल तर मिस्त्रीला जागा दाखवा. ग्रामसेवकांनी खरीपपूर्व सभेत एवढे सांगितले, तरी मृगाच्या तोंडावरचा खोळंबा बराच टळेल.