पडद्याच्या अलीकडे, पंपाच्या मागे

“डीबेकी!” असं म्हणून सर्जन हात पुढे करतात आणि सिस्टर त्यांच्या तळव्यावर एक लांब, नाजूक चिमटा ठेवते. थोड्या वेळाने “कूली!” आता एक वाकडा क्लॅम्प. नव्याने लागलेला वॉर्डबॉय पहिल्या दिवशी हमखास दाराकडे बघतो. त्याला वाटतं, ट्रॉली ओढायला माणूस हवाय. हृदयशस्त्रक्रियेच्या ओटीत ही दोन नावं दिवसभर पुकारली जातात आणि एकाच ट्रेमध्ये, एकाच ऑटोक्लेव्हमध्ये सुखाने नांदतात. ज्यांची ही नावं, त्या दोन माणसांनी मात्र जवळजवळ चाळीस वर्षं एकमेकांशी धड संवाद ठेवला नव्हता.

ओटीत पडदा खराखुरा असतो. रुग्णाच्या मानेशी आडवं टाकलेलं हिरवं कापड. त्याच्या पलीकडे सर्जन, अलीकडे भूलतज्ज्ञ. मी दोन्हीकडचा नाही. मी पर्फ्युजनिस्ट, म्हणजे हृदय थांबवलं की जे यंत्र रक्त फिरवतं त्याच्यामागे स्टुलावर बसणारा. इथून दोन्ही बाजूंचं ऐकू येतं. ह्यूस्टनचे हृदयशल्यविशारद मायकेल डीबेकी कोण, ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर ते कधी आले, ड्यूक ऑफ विंडसरची महारोहिणी त्यांनी कशी दुरुस्त केली, हे वाचकांनी वाचलेलं असणार. मी सांगतोय ते केस लांबली की स्टुलावर बसून चघळायचे किस्से.

सुरुवात माझ्याच यंत्रापासून. त्यातला रोलर पंप म्हणजे रसवंतीतल्या चरकाचा सभ्य भाऊ. अर्धगोल खाचेत नळी बसवलेली, तिला दाबत रूळ फिरतात आणि रक्त पुढे सरकतं. चोथा होऊ द्यायचा नसतो, एवढाच फरक. पुस्तकं हा पंप डीबेकींच्या नावावर टाकतात. खरं तर रूळ फिरवून नळीतून द्रव ढकलायची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. न्यू ऑर्लिन्सच्या ट्यूलेन विद्यापीठात शिकणाऱ्या या लेबनीज दुकानदाराच्या मुलाने तिची एक खोड काढली. रूळ फिरताना नळीही त्यांच्याबरोबर सरकत जायची. यांनी तिला कड लावून जागच्या जागी बसवली आणि १९३४ मध्ये ते उपकरण छापून मोकळे झाले. उपयोग काय, तर एकाचं रक्त दुसऱ्याला चढवणं. हृदयाचा त्यात कुठेच संबंध नव्हता. १९५३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी एका तरुणीला २६ मिनिटं यंत्रावर ठेवून तिच्या हृदयातलं छिद्र बुजवलं, तेव्हा त्या यंत्रात हेच रूळ फिरत होते. पुढचे रुग्ण दगावले आणि खुद्द गिबन यांनी हृदयाची शस्त्रक्रिया कायमची सोडली. पंप मात्र राहिला, आणि त्याच्या जोरावर माझी नोकरीही.

डेक्रॉनचा किस्सा शिंप्यांना जास्त आवडेल. फुगलेली महारोहिणी कापून काढायची तर तिच्या जागी काहीतरी बसवायला हवं. डीबेकी ह्यूस्टनच्या फोलीज या मोठ्या दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपलं होतं. विक्रेत्याने एक नवं कापड पुढे केलं, डेक्रॉन. डीबेकींनी वारभर घेतलं, घरी येऊन बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. शिवण त्यांना लहानपणीच आईने शिकवली होती. पुढे बिनशिवणीची नळी विणायला फिलाडेल्फियाच्या वस्त्रविद्या संस्थेतला तज्ज्ञ गाठावा लागला, पण पहिली शिवण घरचीच. काही वर्षांनी कळलं की नायलॉन शरीरात राहून कमकुवत होतं, आणि डेक्रॉन टिकतं. त्या दिवशी दुकानात माल शिल्लक असता तर?

नोव्हेंबर १९६४ मध्ये ह्यूस्टनला एका रुग्णाची हृदयधमनी आतून खरवडून साफ करायचं ठरलं होतं. छाती उघडल्यावर दिसलं की आजार फारच पुढे गेलाय, खरवडणं शक्य नाही. डीबेकींच्या चमूतल्या एडवर्ड गॅरेट यांनी रुग्णाच्या पायातली शीर काढली आणि अडथळ्याच्या पुढे जोडून दिली. रुग्ण वाचला. आज गल्लोगल्ली ‘बायपास झालीय’ म्हणून सांगतात तीच ही शस्त्रक्रिया. पण या मंडळींनी ती छापली थेट १९७३ मध्ये! तोवर क्लीव्हलंडमध्ये रेने फावालोरो यांनी १९६७ पासून पायाच्या शिरेच्या बायपासचा धडाका लावून नाव कमावलं होतं. निबंधामागून निबंध लिहिणाऱ्या माणसाकडून नेमका हाच कागद नऊ वर्षं राहून गेला.

आता कूली. डेंटन कूली १९५१ मध्ये डीबेकींच्या हाताखाली ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात आले. उंच, देखणे, बास्केटबॉल खेळलेले आणि हात विजेसारखा. बॉस चिडखोर आणि दिवसाला अठरा-अठरा तास काम उपसणारे. हा मात्र हसतमुख, तासाभरात छाती बंद करून पुढच्या टेबलावर. काही वर्षं दोघांनी मिळून ह्यूस्टनला महारोहिणीच्या शस्त्रक्रियेची पंढरी केलं. मग एका म्यानात दोन तलवारी, दुसरं काय! कूली शेजारच्याच सेंट ल्यूक्स रुग्णालयात गेले आणि १९६२ मध्ये स्वतःची टेक्सस हार्ट इन्स्टिट्यूट काढली. माझ्या धंद्यावर कूलींचंही ऋण आहे. पूर्वी पंपाच्या नळ्या आधी भरून घ्यायला बाटल्याच्या बाटल्या रक्त लागायचं. कूलींनी साधं पाच टक्के डेक्स्ट्रोजचं पाणी भरलं आणि काम भागलं. म्हणजे रूळ एकाचे, त्यातून वाहणारं पाणी दुसऱ्याचं.

४ एप्रिल १९६९, गुड फ्रायडे. डीबेकींच्या प्रयोगशाळेत डोमिंगो लिओट्टा हे अर्जेंटिनाचे सर्जन कृत्रिम हृदयावर काम करत होते. वासरांवर प्रयोग चालू होते आणि वासरं फार जगत नव्हती. कूलींच्या टेबलावर ४७ वर्षांचा एक रुग्ण होता. त्याच्या हृदयाची दुरुस्ती फसली, ते पंपावरून सुटेना. (हे वाक्य आमच्याकडे कुणी मोठ्याने म्हणत नाही. सगळे नुसतेच माझ्याकडे बघतात.) कूलींनी लिओट्टांच्या हातचं कृत्रिम हृदय बसवलं. ते ६४ तास चाललं, मग त्याच्या जागी माणसाचं हृदय बसवलं, आणि दीड दिवसाच्या आत रुग्ण गेला. डीबेकी तेव्हा वॉशिंग्टनमध्ये होते. तिथेही बैठकीचा विषय कृत्रिम हृदयच होता! आपल्या प्रयोगशाळेत जे अजून वासराला मानवत नव्हतं ते शेजारच्या इमारतीत माणसाच्या छातीत धडधडतंय, हे त्यांना तिथे कळलं.

पुढचं जगजाहीर आहे. चौकश्या झाल्या, सर्जनांच्या संघटनेने ठपका ठेवला, कूलींनी बेलरमधलं पदही सोडलं. ‘लाइफ’ मासिकाने या वैराला मुखपृष्ठ दिलं. कूलींचं म्हणणं सरळ होतं, माणूस मरत होता, हाताशी जे होतं ते वापरलं. डीबेकींच्या लेखी ती उघड चोरी. मला विचाराल तर दोघेही खरं बोलत होते, आणि भांडण इतकं टिकलं ते त्यामुळेच.

कूलींचा एक किस्सा सर्जनांच्या चहाच्या टेबलावर कायमचा मुक्कामाला आहे. कोर्टात वकिलाने विचारलं, जगातले सर्वोत्तम हृदयशल्यविशारद तुम्हीच, असं तुम्हाला वाटतं का? हे म्हणाले, हो. वकील म्हणाला, जरा जास्तच नाही का होत? हे म्हणाले, होतंय खरं, पण मी शपथेवर आहे ना!

समेट झाला तो २००७ मध्ये. कूलींच्या नावाच्या संघटनेने डीबेकींना सन्मान देऊ केला. हे येतील असं फारसं कुणी धरलं नव्हतं. ९९ वर्षांचे डीबेकी आले. पुढच्या वर्षी डीबेकींच्या संघटनेने कूलींना गौरवून परतफेड केली. थकबाकी न ठेवण्यात दोघेही पक्के.

पण त्या समारंभाला डीबेकी जिवंत होते, यामागे त्याआधीचा एक प्रसंग आहे, आणि तो पडद्याच्या अलीकडचा आहे.

३१ डिसेंबर २००५. ९७ वर्षांचे डीबेकी घरी एकटेच व्याख्यानाची तयारी करत बसलेले. छातीतून मानेपर्यंत फाडत गेल्यासारखी कळ आली. महारोहिणीचं अस्तर चिरत जाणाऱ्या आजाराचे प्रकार त्यांनीच पाडले होते. जगभरचे विद्यार्थी ‘डीबेकी एक, दोन, तीन’ म्हणून ते पाठ करतात. आपल्याला काय झालंय हे त्यांनी कोचावर पडल्या पडल्या ओळखलं आणि रुग्णवाहिका बोलावली नाही. बायको आणि मुलगी घरी आल्या, त्यांनाही खरं सांगितलं नाही. तीन दिवसांनी स्कॅन झाला. प्रकार दोन. ऑपरेशनला नकार. उलट त्याच आठवड्यात जाऊन व्याख्यान दिलं!

महिना उलटला, प्रकृती ढासळली, शुद्ध जाऊ लागली. त्यांचे जुने सहकारी जॉर्ज नून शस्त्रक्रिया करायला तयार होते. अडलं कुठे, तर हिरव्या पडद्याच्या अलीकडे. ज्या रुग्णालयात ते दाखल होते तिथले भूलतज्ज्ञ म्हणाले, या वयात, आणि रुग्णाने नको म्हणून ठेवलेलं असताना, आम्ही भूल देणार नाही. सर्जन कितीही मोठा असो, भूल नाही तर केस नाही. आयुष्यभर ज्यांना डीबेकींनी ओटीत धारेवर धरलं असेल, त्यांच्या हातात आता दोरी होती. अखेर त्यांच्याबरोबर पूर्वी काम केलेल्या डॉ. सलवा शेनाक दुसऱ्या रुग्णालयातून आल्या आणि म्हणाल्या, मी देते. तरी नीतिमत्ता समितीची रात्रीची बैठक संपेना. तेव्हा डीबेकींच्या पत्नी कात्रिन सरळ आत घुसल्या आणि आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करा म्हणून उभ्या राहिल्या. इतकी पदं, इतक्या पदव्या त्या खोलीत. निर्णय पुढे सरकला तो बायकोने दार ढकलल्यावर.

फेब्रुवारी २००६ मध्ये सात तास शस्त्रक्रिया चालली. फाटलेला भाग काढून जागी डेक्रॉनची नळी बसवली. रुग्णालयातला मुक्काम महिनोन्‌महिन्यांचा, खर्च दहा लाख डॉलरच्या वर. ठणठणीत झाल्यावर डीबेकी म्हणाले, केलंत ते बरं केलंत. जुलै २००८ मध्ये शंभरी दोन महिन्यांवर असताना ते गेले.

त्या सात तासांची गोष्ट सांगताना लोक सर्जनचं नाव घेतात, भूल देणाऱ्या बाईंचं घेतात, दार ढकलणाऱ्या बायकोचं तर घेतातच. पंपावर कोण बसलं होतं, ते कुणी विचारत नाही. आम्हाला सवय आहे.