पंचाचे पंचांग

भातकापणी उरकून खाचरे मोकळी झाली की महाडपासून पोलादपूरच्या घाटाखालच्या वाड्यांपर्यंत कबड्डीचे सामने सुरू होतात, आणि ते वैशाखापर्यंत रात्रीमागून रात्री चालतात. या मैदानांवर पंचाची शिटी हाती घेतल्यास मला आता दोन तपे होऊन गेली. मेहनत खेळाडूने करावी, पंचाने नियम पाठ करावेत, अशी आरंभी माझीही समजूत होती, आणि दिवाळीनंतर चार दिवस धावलो की तयारी झाली असे मी मानीत असे.

ती समजूत एका माघी रात्रीने मोडली. चौथा सामना, पहाटेचा सुमार, फक्कीने आखलेली बोनस रेषा धुळीने निम्मी पुसलेली. चढाई करणाऱ्या पोराने रेषेपलीकडे पाऊल टाकले तेव्हा त्याचा मागचा पाय अधांतरी होता की भुईला टेकलेला, हे निरखण्यासाठी जेवढे वाकावयास हवे तेवढे माझे गुडघे वाकले नाहीत, आणि मी अंदाजाने गुण बहाल केला. हरलेल्या संघाच्या कप्तानाने तक्रार केली नाही. माझ्याकडे एकदा पाहून तो हातपाय धुवावयास निघून गेला.

घरी येऊन हिशेब मांडला. 20 मिनिटांचे दोन डाव आणि चढाईस 30 सेकंदांची मुदत, म्हणजे सामन्यात सुमारे 80 चढाया, रात्रीत चार सामने झाले तर 320. आणि प्रत्येक चढाईगणिक, मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंतच्या साडेसहा मीटरांत, पंचाने कडेकडेने सरकत जावयाचे व परतावयाचे. एवढ्या कामास चार दिवसांची धाव कशी पुरावी?

तेव्हापासून वर्षारंभ धरला तो 15 जुलैचा, म्हणजे बुवा साळवी यांच्या जन्मदिनाचा, जो महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसांत लावणीची घाई असते. लावणीने कंबर राबते खरी, परंतु आडवे सरकण्याची चपळाई तिने येत नाही, म्हणून संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बैठका आणि खडूच्या रेषेलगत सरकण्याचा सराव. घटस्थापनेपासून आठवड्यातून एकदा रायगडाच्या पायऱ्या. उतरताना मात्र अगदी सावकाश, कारण गुडघे चढणीपेक्षा उतरणीने अधिक दुखावतात. कापणीनंतर खाचरात आखूड धावा. हंगाम लागला की नवी मेहनत बंद, आणि ज्येष्ठात सक्तीची विश्रांती, जे कलम पाळणे मला सर्वांत जड गेले.

22 जुलै 2021 रोजी महाड पुरात बुडाले आणि तळियेवर दरड कोसळली. तो पावसाळा आम्ही घराघरांतील चिखल उपसण्यात घालविला. माझी सरावाची रोजकीर्दही त्याच चिखलात गेली. पुढील हंगामात तिसऱ्याच सामन्यास पावले जड पडू लागली, तेव्हा आयोजकांस सांगून मी शिटी दुसऱ्या पंचाच्या हाती दिली, आणि तो निर्णय योग्य होता असे मी आजही मानतो.

तालुक्यातील ज्या तरुणांना पंच व्हावयाचे आहे, त्यांनी येत्या 15 जुलैस संध्याकाळी सभामंडपात यावे. फरशीवर रेषा आखून ठेवलेली असेल.